बेंजोवाला, मी आणि बांधावरचं हसू

भिवंडीत माझी ओळख झाली ती एका आवाजामुळे, आणि तो आवाज माणसाचा नव्हता, लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा होता. आमच्या चाळीची मागची भिंत आणि लूमच्या कारखान्याची भिंत एकच होती. माझं जेवण, अभ्यास, आजारपण सगळं त्या खटखटीत झालं. पुढे दोन हजार सालानंतर लोडशेडिंग वाढलं, तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. लाईट गेली की लूम एकदम थांबत नाहीत. प्रत्येक जण आपापल्या दमानं थांबतो. एखादा पटकन, एखादा कुरकुरत, आणि शेवटचा एक म्हाताऱ्यासारखा, खट्... खट्... ख... मग जी शांतता पसरते तिच्यात कळतं की शेजारच्या काकू इतका वेळ ओरडून बोलत होत्या, आणि आवाज कमी करायचं त्यांना अजून सुचलेलं नाही.

हे सगळं मी तोंडानं करायला शिकलो. जीभ, टाळू, गाल आणि माइक. आधी पंचवीस लूम चालू करायचे, मग लाईट घालवायची, मग एकेक लूम बंद. शेवटी पूर्ण शांतता, आणि त्या शांततेत एका यूपीवाल्या कामगाराचा घाबरलेला आवाज, "का हो भइया, सब जिंदा हैं ना?"

भिवंडीत या आयटमला लोक खुर्चीवरून पडायचे. तो फार मोठा विनोद होता असं मला आजही वाटत नाही. पण समोर बसलेल्या प्रत्येकाच्या कानात ती खटखट वर्षानुवर्षं साचलेली होती, आणि मी ती दोन मिनिटांसाठी काढून घेत होतो. हसणं बऱ्याचदा तेवढंच असतं, डोक्यावरचं ओझं कुणीतरी क्षणभर धरणं.

या आयटमच्या जोरावर मला एका ऑर्केस्ट्रात जागा मिळाली. दिवसा मी काल्हेरच्या एका गोदामात गाडीतून उतरलेले खोके मोजून घ्यायचो, आणि शनिवार-रविवारी संध्याकाळी स्टेजवर. हळद, बारसं, गणपती, सत्यनारायण, कुणाच्या गोदामाचं उद्घाटन. ऑर्केस्ट्रात विनोदवीराची जागा काय असते ते सांगतो. गाणारी बाई पाणी प्यायला आत जाते, ढोलकीवाला ढोलकी चढवतो, आणि तेवढ्या वेळात लोक उठून जाऊ नयेत म्हणून एक माणूस लागतो. तो मी. पोस्टरवर माझं छायाचित्र सगळ्यात खाली, मंडप डेकोरेटरच्या वर.

कार्यक्रम संपला की वादकांना आवराआवर असते. कुणी ढोलकीला गवसणी घालतो, कुणी स्टँडची घडी करतो. गाणाऱ्या ताई आपली वही, गळ्याला लावायचा मफलर, कोमट पाण्याचा थर्मास पिशवीत भरायच्या. माझ्याकडे आवरायला काहीच नसे. थोड्या वेळापूर्वी चारशे माणसं ज्याच्याकडे बघून हसत होती तो मी स्टेजच्या कोपऱ्यात हात लोंबकळत सोडून उभा राहायचो, आणि तेच लोक जेवणाच्या रांगेत माझ्याकडे बघायचेही नाहीत. असाच उभा असताना एकदा बेंजोवाल्यानं माझ्याकडे बघितलं आणि एक लांबलचक वायर माझ्या हातात दिली.

"ही गुंडाल," तो म्हणाला. "गाठ नको पारू."

आमची दोस्ती अशी सुरू झाली. पुढच्या प्रत्येक कार्यक्रमानंतर ती वायर मीच गुंडाळायचो.

तो माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, खारबावच्या बाजूच्या एका गावातला आगरी माणूस. मी त्याला दादा म्हणायचो. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. लग्नाच्या वरातीत ते कर्कश वाजतं, पण दादाच्या हाताखाली ते माणसासारखं बोलायचं. माझा प्रत्येक विनोद झाला की तो एक तार छेडायचा, टुंग, आणि लोक दुप्पट हसायचे. स्वतः मात्र कधी हसायचा नाही. मी एकदा विचारलं, "दादा, तुला माझ्या कशाचंच हसू येत नाही का?"

"येतं ना. पन मी हसलू तर तार कोन वाजवल?"

विनोदातलं जे काही मला कळतं त्यातलं निम्मं त्यानं शिकवलं, तेही विनोदाबद्दल एक शब्द न बोलता. मी घाई करायचो. एक वाक्य संपायच्या आत दुसरं. एकदा तालमीत त्यानं माझ्या मांडीवर हात ठेवून मला थांबवलं. "बोललास ना? आता गप रहा. मानसाला तुझा बोलना ऐकायला एक मात्रा लागते, समजायला एक मात्रा, आनि मंग हसू. तू दुसऱ्याच मात्रेला तोंड उघरतंस." त्या दिवसापासून मी मनात मात्रा मोजायला लागलो. आजही मोजतो, साध्या बोलण्यातसुद्धा. समोरच्याला वाटतं, हा माणूस फार विचार करून बोलतो.

दादाला गांजाची सवय होती हे सगळ्यांना माहीत होतं. ताई नाक मुरडायच्या पण बोलायच्या नाहीत, कारण वाजवण्यात तो कधी चुकत नसे. एका सुट्टीच्या दुपारी त्यानं मला मिस कॉल दिला. तेव्हा एकेका कॉलचे पैसे लागायचे, म्हणून एक घंटी वाजवून कट करायचं. एक घंटी म्हणजे "ये". मी गेलो. खारबावच्या पुढे खाडीच्या बांधावर एक छोटं देऊळ होतं, त्याच्या मागे चिंचेच्या सावलीत पाच-सहा जण बसले होते. दोन लूम कामगार, दापोड्याच्या ट्रान्सपोर्टमधला एक ड्रायव्हर, एक रिटायर झालेला पोस्टमन, आणि कुठूनतरी येऊन देवळातच राहिलेला एक बाबा.

तिथले नियम कडक होते. चिलीम उजव्या हातानं उजवीकडे द्यायची. पहिला दम बाबाचा. चिलमीखालचा ओला फडका, ज्याला साफी म्हणतात, तो ज्याची पाळी असेल त्यानंच धुवायचा. कामाच्या गोष्टी काढायच्या नाहीत, घरच्या तर मुळीच नाहीत. आणि कुणी कुणाला आडनाव विचारायचं नाही. हे शेवटचं मला फार आवडलं. मी बौद्ध घरातला. आडनाव विचारल्यावर समोरच्या चेहऱ्यावर जो हिशेब सुरू होतो तो मी शाळेपासून बघत आलो होतो. बांधावर तो नव्हता. चिलमीला ओठ लागतच नाहीत, मूठ आवळून मुठीतून ओढायची असते, उष्ट्या-विटाळाचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे त्या समतेसाठी कुणाला काही सोडावं लागत नव्हतं, हे मला पुष्कळ उशिरा सुचलं.

पहिल्या दिवशी मला फक्त खोकला आला. तिसऱ्या की चौथ्या वेळी दादा बेंजो घेऊन आला होता. त्यानं एक साधी धून सुरू केली, आणि दोन सुरांच्या मधली जागा एकदम रुंद झाली, खळ्यासारखी. त्या जागेत मी आरामात जाऊन बसलो. सूर ऐकू येत होते, सूर कुठून निघाला ते ऐकू येत होतं, तो संपल्यावर तारेत जी थरथर उरते तीसुद्धा. समोर खाडीला भरती येत होती. खोटं बोलणार नाही, इतकं निवांत मला आयुष्यात फार कमी वेळा वाटलंय. गांजाबद्दल लिहिणारे एक तर त्याला देवाचा प्रसाद म्हणतात, नाहीतर राक्षस. माझ्यासाठी तो त्या वेळी फक्त बसायला मिळालेली जागा होती.

आणि मग मी बोलायला लागलो. मी काहीही बोललो तरी ते हसायचे. ड्रायव्हर तर पोट धरून आडवा व्हायचा. मी म्हटलं, "ही होडी बघा, रिटायर झालीय," की सगळे हसून लोळायचे. पोस्टमन डोळे पुसायचे. दादासुद्धा, जो स्टेजवर कधी हसला नाही, तो खांदे उडवत हसायचा. मला वाटलं, मी आता कुठे खरा विनोद करायला लागलोय. वहीत लिहून, पाठ करून, आरशासमोर उभं राहून केलेला तो जुना विनोद बनावट होता. हा आतून येतोय. मी वही लिहायचं बंद केलं. सुट्टीची वाट बघायला लागलो, मग सुट्टी नसतानाही कामावरून अर्ध्या दिवसानं निघायला लागलो. कार्यक्रमाच्या आधी दादा आणि मी टेम्पोच्या मागे चिलमीची एक फेरी मारायला लागलो.

स्टेजवर लोक कमी हसायला लागले. मी म्हणायचो, पब्लिक बिघडलंय. ताईंनी एकदा थर्मासचं झाकण लावता लावता सांगितलं, "तू हल्ली आमच्याशी बोलत नाहीस रे. तू कुणाशीतरी बोलतोस, पण तो माणूस तिथे बसलेला नसतो."

मी त्यांच्यावर चिडलो. म्हटलं, "ताई, तुम्ही गाण्याचं बघा."

पण त्यानंतर मी माइक घ्यायला पुढे गेलो की त्या आत जायच्या नाहीत, विंगेत उभ्या राहायच्या, अंगणात मूल खेळत असताना घरातली बाई दारात उभी राहते तशा.

दापोड्याच्या कार्यक्रमात जे झालं ते मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही. एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या नव्या गोदामाचं उद्घाटन होतं. माल चढवायच्या ओट्याचं स्टेज केलं होतं आणि समोर पटांगणात खुर्च्या. संध्याकाळचे सात वाजले असतील. दादा आणि मी नेहमीपेक्षा जास्त ओढून आलो होतो. मी लूमचा आयटम सुरू केला. पंचवीस लूम चालवले, लाईट घालवली, एकेक लूम थांबवला, आणि शांतता केली. ती शांतता मला इतकी सुंदर वाटली की मी तिच्यातच राहिलो. मला खात्री होती की समोरचे सगळे माझ्याबरोबर तिच्यात आहेत. दादाची तार वाजणार होती, तीही वाजली नाही, कारण तोही कुठेतरी होता.

किती वेळ गेला कोण जाणे. एका लहान मुलीनं रडायला सुरुवात केली. कुणीतरी म्हणालं, "माइक बंद पडला काय?" आणि तेवढ्यात मला हसू आलं. कशाचं आलं ते माहीत नाही. मी माइकमध्ये हसत सुटलो. एकटा. गोदामाच्या पत्र्यांवरून माझं हसू परत माझ्याकडे येत होतं आणि ते ऐकून मला आणखी हसू येत होतं. समोर कुणी हसत नव्हतं. बायका पदर सावरून एकमेकींकडे बघत होत्या. शेवटी मालक खुर्चीवरून उठून म्हणाला, "अरे, गाणं लावा कुणीतरी." ताई पुढे आल्या, माझ्या हातातून त्यांनी माइक काढून घेतला, आणि वाद्यं सुरू व्हायची वाटही न बघता गायला लागल्या.

त्या संध्याकाळी मी वायर गुंडाळली नाही.

तरी मी सुधारलो नव्हतो. पुढच्या सुट्टीला पुन्हा बांधावर गेलो आणि दापोड्याची गोष्ट तिथे विनोद म्हणून सांगितली. सगळे हसले. मला बरं वाटलं. दादाकडे एक छोटा टेपरेकॉर्डर होता. सुचलेल्या चाली विसरू नयेत म्हणून तो वाजवताना कॅसेट सुरू ठेवायचा. त्या दिवशी मी त्याला म्हटलं, "ही कॅसेट मला दे. आज मी जे बोललो ते भारी होतं. वहीत उतरवून घेतो."

दुसऱ्या दिवशी घरी कुणी नव्हतं. मी वही-पेन घेऊन बसलो आणि कॅसेट लावली.

आधी दादाचा बेंजो. मला आठवत होतं की त्यानं काल स्वर्ग उभा केला होता. कॅसेटवर चार सुरांची एकच ओळ होती. तीच ओळ पुन्हा, पुन्हा, पुन्हा, प्रत्येक वेळी थोडी संथ. मध्येच एक बटण चुकायचं आणि त्याला ते कळायचं नाही. मग माझा आवाज आला. मी म्हणालो, "चिंच." हशा. मी म्हणालो, "नाही पण खरंच, चिंच." मोठा हशा. मग बराच वेळ काहीच नाही, कुणाचा तरी खोकला, लांबून खारबाव स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचा भोंगा. मी कॅसेट पुढे नेली. पुन्हा तेच.

आणि मग माझाच आवाज, जरा हळू, आठवतच नसलेलं काहीतरी बोलताना ऐकू आला. "आमच्या गोदामात एक खोका कमी भरला ना, तर चार माणसं धावतात. मागच्या महिन्यात मी तीन दिवस गेलो नाही. चौथ्या दिवशी गेलो तर कुणी विचारलंच नाही. त्यांना वाटलं मी होतोच."

एक मात्रा. दोन मात्रा. आणि मग हशा फुटला. त्या कॅसेटवरचा सगळ्यात मोठा. ड्रायव्हर ओरडला, "क्या बात बोला!" आणि त्या सगळ्या हसण्यात एक हसणं माझं स्वतःचं होतं.

मी वहीत काहीच लिहिलं नाही. कॅसेट संपून बटण आपोआप वर आलं, त्याचा टक् आवाज झाला तेव्हा दचकलो.

दुपारी कॅसेट घेऊन मी दादाच्या घरी गेलो. भावांनी शेत विकून पुढे दोन मजल्यांचा बंगला बांधला होता, फरशी लावलेला. दादा मागच्या जुन्या खोलीत राहायचा. खिडकीबाहेर पूर्वी भाताची खाचरं होती, आता गोदामाची पत्र्याची भिंत आली होती, खिडकीपासून हातभर अंतरावर. वहिनी मुलांना घेऊन माहेरी गेलेल्या, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. हे मला तिथे गेल्यावर कळलं. तीन वर्षं शेजारी बसत होतो, पण घरच्या गोष्टी काढायच्या नाहीत हा नियम आम्ही दोघांनी नीट पाळला होता.

मी म्हटलं, "दादा, हे ऐक." आणि कॅसेट लावली. चार सुरांची ती ओळ सुरू झाली. तिसऱ्या वेळेला त्यानं हात पुढे करून टेप बंद केला.

"नको. मना ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"मी कसा वाजवतू ता. तू काय बोलतंस ता. सगला. पयल्या दिसापासून ठावं हाय."

मी म्हटलं, "मग मला सांगितलं का नाहीस? तू मला मात्रा मोजायला शिकवलंस. तुला कळत होतं मी रसातळाला चाललोय, आणि तू हसत होतास?"

त्यानं बेंजोवरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाला, "सांगितला असता तर तू परत आला असतास का बांधावर?"

मी टेपमधून कॅसेट काढून घेतली.

"तू येशी म्हनून बरा वाटायचा," तो म्हणाला. "एकटा बसून वढायचा म्हंजे लय वाईट रं."

मला त्याचा इतका राग आला होता, आणि त्याच क्षणी त्याला सोडून उठवतही नव्हतं. शेवटी उठलो. दारापर्यंत आल्यावर मी म्हटलं, "दादा, आपण दोघंही सोडू."

"तू सोर," तो म्हणाला. "तुझ्याकरं दुसरा काय तरी हाय."

माझ्याकडे दुसरं काय होतं, हे मी त्याला विचारायला हवं होतं. कारण मला माहीत नव्हतं.

मी सोडलं. त्यात शूरपणा काही नव्हता. पहिले पंधरा दिवस झोप नाही, जेवणाला चव नाही, लहानसहान गोष्टीवर चिडचिड. पण त्याहून अवघड होती ती सुट्टीची दुपार. बरोबर तीन वाजता फोन एकदा वाजायचा आणि कट व्हायचा. मी स्क्रीनवरचं "दादा" हे नाव विझेपर्यंत बघत राहायचो. उलट फोन केला नाही. पुढच्या सुट्टीला पुन्हा तीन वाजता एक घंटी. असं दोनेक महिने चाललं. मग एका सुट्टीला तीन वाजून गेले, सव्वातीन झाले, चार झाले. घंटी वाजली नाही. मी फोन बंद करून पुन्हा चालू केला, रेंज बघितली. त्या दिवशी मला जितकं एकटं वाटलं तितकं दापोड्याच्या स्टेजवरही वाटलं नव्हतं. बांधावरच्या बाकीच्यांपैकी कुणी माझी चौकशी केली नाही. करणार कशी? त्यांना माझं आडनाव माहीत नव्हतं.

ऑर्केस्ट्रातही मी जाईनासा झालो. गोदामातून घरी, घरून गोदामात. घरी मी आणि वडील. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. वडील जॉबर होते, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारे. तीस वर्षं त्या खटखटीत उभे राहून त्यांचे कान गेले होते. तरुणपणी ते भीमगीतांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे, पण मला आठवतं तेव्हापासून आमच्या घरात बोलणं म्हणजे खुणा आणि मोठ्यानं उच्चारलेले दोन-तीन शब्द. जेवलास? जातो. लाईट गेली. मी जगाला हसवत होतो आणि ज्या घरात राहत होतो तिथल्या एकुलत्या एका माणसाला माझा एकही विनोद ऐकू येत नव्हता, याचं मला फार पूर्वीच वाईट वाटून झालं होतं.

एका रविवारी सकाळी मी भिंतीला टेकून नुसता बसलो होतो. वडील चहा घेऊन समोर बसले आणि त्यांनी विचारलं, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात, "प्रोग्राम बंद केलेस?"

मी मान हलवली.

"दापोड्यापासून?"

मी दचकलो. दापोड्याचं मी घरी सांगितलंच नव्हतं. हातानं विचारलं, तुम्हाला कसं माहीत?

"मी होतो ना," वडील म्हणाले. "मागं. ट्रकच्या बाजूला."

ते चहाचा घोट घेऊन सावकाश बोलत राहिले. ते फक्त दापोड्यालाच आले नव्हते, जवळपास प्रत्येक कार्यक्रमाला येत होते. भिवंडीतल्या भिवंडीत असेल तर चालत, लांब असेल तर टमटमनं. सगळ्यात मागे उभे राहायचे आणि मी घरी पोचायच्या आत परतायचे.

मी त्यांच्या कानाजवळ जाऊन ओरडलो, "पण तुम्हाला ऐकू कुठे येतं?"

"नाय येत," ते म्हणाले. "मागून लोकांचे खांदे दिसतात. तू बोललास की खांदे हलतात. सगळ्यांचे एकदम हलले की समजायचं, जमलं." मग त्यांनी कप खाली ठेवला. "दापोड्याला एकाचाबी खांदा नाय हलला. मला वाटलं तुला बरं नसंल."

मी रडलो. वडिलांना रडणंही ऐकू येत नसणार, पण ते दिसत होतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच दिला. थोड्या वेळानं त्यांची बोटं माझ्या पाठीवर आपोआप हलायला लागली, ढोलकीवर ठेका धरतात तशी. त्यांच्या ते लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ताईंना फोन केला आणि आधी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ते राहू दे. वही आहे का तुझ्याकडे अजून?" म्हटलं, आहे. म्हणाल्या, "मग लिहून आण."

काल्हेरला एका नव्या सोसायटीची पूजा होती, संध्याकाळी. मी शुद्धीत स्टेजवर चढलो. बेंजोच्या जागी एक कीबोर्डवाला होता, दादानं ऑर्केस्ट्रा सोडला होता. मी तीन दिवस गोदामात न गेल्याची ती गोष्ट सांगितली, पण या वेळी तिच्यात सगळं घातलं. सुपरवायझर, चहावाला, हजेरीच्या वहीत मी नसताना झालेली माझी सही. लोक गोदामात काम करणारेच होते. वाक्य संपल्यावर मी गप्प राहिलो. एक मात्रा. दोन. हशा आला, फार मोठा नाही. पण त्या हशात काही चेहरे हसता हसता जरा खाली वळले, आपलीच गोष्ट असल्यासारखे. बांधावरच्या हसण्यात आणि या हसण्यात काय फरक होता ते मला तेव्हा दिसलं. तिथे हसायला माझी गरज नव्हती, मी नसतो तर ते चिंचेला हसले असते. इथे चारशे माणसं दिवसभर दमून, पूर्ण शुद्धीत, एका वाक्यासाठी माझ्याजवळ आली होती. मागे खांबापाशी वडील उभे होते. आता ते लपत नव्हते.

त्यानं माझं एकटेपण गेलं, असं मात्र नाही. ते स्टेजवरून उतरलं की पुन्हा सोबत यायचं. फक्त आता ते माझ्या ओळखीचं झालं होतं, आणि त्याच्याबद्दल वहीत लिहिता येत होतं.

पुढे डीजे आले. हळदीला, वरातीला, सगळीकडे मोठाले स्पीकर. दोन गाण्यांच्या मध्ये रिकामा वेळच उरला नाही, त्यामुळे तो भरणारा माणूसही लागेना. ऑर्केस्ट्रा मोडला. ताईंनी घरी मुलींना गाणं शिकवायला सुरुवात केली. वडील एका पावसाळ्यात दम्याच्या आजारानं गेले. मी गोदामातच राहिलो, आणि वर्षातून चार-पाच वेळा कुणी बोलावलं तर निवेदन करायचो.

दादा मला त्यानंतर एकदाच भेटला, खारबाव स्टेशनवर, भर दुपारी. त्या लाईनला गाड्या कमी, त्यामुळे फलाटावर मोजकी माणसं. बाकावर बसलेल्या माणसाची बोटं मी आधी ओळखली, चेहरा नंतर. तो खूप वाळला होता, पण कपडे स्वच्छ इस्त्रीचे होते. मी शेजारी जाऊन बसलो.

"सोरली," मी विचारायच्या आधीच तो म्हणाला. "दोन वर्सं झाली. डॉक्टरनी सांगितला, छाती गेली."

"आणि बेंजो?"

"तो पन." त्यानं हाताचे पंजे उलटे-सुलटे करून बघितले. "सोरल्यावर बसलू एकदा. सगला नीट वाजला, बटन चुकला न्हाय. पन मना काय वाटलाच न्हाय. मंग ठेवून दिला."

मी वहिनींचं विचारलं. मुलं मोठी झालीत, वसईला असतात, त्यांच्याकडेच चाललोय, म्हणाला. बोलावलंय का त्यांनी, हे मी विचारलं नाही. तो म्हणाला, "तू अजून हसवतंस का?"

"कधी कोणी बोलावलं तर."

"बरा हाय."

गाडीला उशीर होता. अर्धा-पाऊण तास आम्ही तसेच बसलो. बांधावर आम्ही तासन् तास बोलायचो आणि त्यातलं एक वाक्यही खरं नव्हतं. इथे बोलायला पुष्कळ होतं आणि दोघांनाही सुरुवात सापडत नव्हती. मी त्याला सांगणार होतो की त्याचा राग मी केव्हाच सोडून दिलाय. त्या घंट्या वाजत होत्या तेव्हा प्रत्येक वेळी फोन माझ्या हातातच होता, हेही सांगायचं होतं. मी शब्द जुळवत होतो तेवढ्यात गाडी आली. तो उठला, पिशवी खांद्याला लावली, आणि डब्यात चढताना मागे वळून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या घरचं विचारत म्हणाला, "वडील कसे हायत?"

मी म्हटलं, "बरे आहेत."

का म्हटलं कोण जाणे. गाडी सुटायच्या घाईत माणसाला मरणाची बातमी कशी देणार, असं वाटलं असेल. त्यानं समाधानानं मान हलवली आणि तो आत गेला. गाडी वसईकडे निघून गेली. माझी गाडी दुसऱ्या बाजूची, तिला अजून बराच वेळ होता. फलाटावर आता मी एकटाच होतो.